मेण लागलेली सायकल

रोमानो, ६ सप्टेंबर १९८७

प्रिय डेल्फिना,

पिएरिना होती तोवर तुला पत्रं तीच लिहायची. तुम्हा बहिणींच्या गप्पा संपल्या की खाली कोपऱ्यात मी सही ठोकायचो, तेवढाच माझा वाटा. आता ती जाऊन दुसरा हिवाळा येईल, आणि कोरा कागद समोर घेतला की मेहुणीला काय लिहावं म्हणून मी पेन चावत बसतो. म्हणून सरळ कामाचंच लिहितो. तुझ्या ओरेस्तेच्या पेटीतला सायकलचं फ्रीव्हील काढायचा पान्हा मला हवा आहे.

हसू नकोस. सूतगिरणीला कुलूप लागल्यावर मला डेअरीत काम मिळालं हे तुला माहीत आहे. दुधाचे टँकर पहाटे येतात आणि पहिली बस निघते तेव्हा माझी अर्धी पाळी झालेली असते. गाडी चालवायला मी कधी शिकलो नाही. शेजारच्या तार्चिझिओच्या स्कूटरवर मागे बसून जायचो, तर त्याची पाळी बदलली. मुकादमाने दोनदा ऐकवून झालंय की फेर्मो, तू येईपर्यंत गायी दूध धरून ठेवत नाहीत. तिसऱ्यांदा ऐकवणार नाही, घरी बसवेल.

तर गेल्या शनिवारी स्टेशनमागच्या भंगारवाल्याकडे चुलीचं झाकण शोधत होतो, तेव्हा गंजक्या पलंगांखाली ती दिसली. शर्यतीची जुनी सायकल, फिकट हिरवी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. भंगारवाला म्हणाला, ने बाबा, माझ्या पायात येते. चीजच्या तुकड्यावर सौदा झाला.

घरी आणून बघतो तर सगळंच चमत्कारिक. वरच्या नळीवर आणि हँडलवर मेण, थेंब थेंब गोठलेलं, त्यावर काजळीचा थर. गंज चढू नये म्हणून कोणीतरी ओतून ठेवलं असावं; माणूस शहाणा, पण हात गबाळा. पुढच्या नळीवर तार गुंडाळल्याचे वळ आहेत. टायर तडकलेत, सीटचं कातडं वाळून लाकूड झालंय. पण चाकाचा कणा उघडला आणि बघतच राहिलो. ग्रीस काठोकाठ भरलेलं, जुनं होऊन घट्ट झालेलं, पण त्यात काळा कण नाही. म्हणजे ग्रीस भरल्यावर ही सायकल रस्त्यावर गेलीच नाही. इतकी जिवापाड तयार करून मग कोणी भंगारात देतं का?

मला काही शर्यत मारायची नाही. मडगार्ड, कॅरियर, डायनामो लावून कामावर जायचं, आणि जमलं तर एखाद्या रविवारी दोन पिशव्या बांधून तुमच्या खोऱ्यात वर यायचं. ईव्होला सांग, मावशीचा नवरा मक्याचा पोलेंटा खायला येतोय. त्याचं डोकं आता कसं आहे? ईस्टरपासून दुखतं म्हणाली होतीस.

तुझा,
फेर्मो

*

व्हालार्दा, १५ सप्टेंबर

प्रिय फेर्मो,

पान्हा बसच्या ड्रायव्हरकडे दिला आहे, स्टेशनवर विचार. ओरेस्ते गेल्यापासून ती पेटी मी उघडली नव्हती. तेलाचा वास अजून तसाच आहे. हत्यारं त्याने इतकी नीट पुसून ठेवलीत की उद्या दुकान उघडणार होता असं वाटावं.

ईव्होचं डोकं दुखतंच. सकाळी लंगडत लंगडत वखारीत जातो, दुपारी परत येतो आणि खिडक्या लावून पडतो. गावातला डॉक्टर म्हणतो चष्मा लावा. चाळिशी आली की सगळ्यांनाच चष्मा लागतो, पण चष्म्यापायी कोणी ओकत नाही.

एक विचारते. त्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या चिमट्याला आतल्या बाजूने, उजवीकडे, पितळेची झाळ आहे का? ओरेस्ते म्हणायचा या सायकली तिथेच मोडतात, म्हणून विचारते, दुसरं काही नाही. आणि तुझा भंगारवाला माल आणतो कुठून?

माझं ऐकशील तर ती परत टाकून ये. असलं जुनं लोखंड उतारावर दगा देतं. डेअरीत कोणाकडे तरी बायकांची साधी सायकल पडून असेल, ती घे. लाज वाटत असेल तर अंधारातच जायचंय तुला. पान्हा तू मागितलास म्हणून पाठवला, पण मनातून पाठवायचा नव्हता. ईव्होला तुझ्या सायकलचं सांगितलेलं नाही. त्याला हल्ली बोलणं सहन होत नाही.

डेल्फिना

*

रोमानो, २७ सप्टेंबर

प्रिय डेल्फिना,

पान्हा मिळाला. जन्मभर ओरेस्तेशेजारी बसून तू बरंच शिकलीस म्हणायचं. झाळ आहे, उजवीकडे, आतून, तू म्हणालीस तिथेच. आणि ती करणारा हात गबाळा नव्हता. बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. ही सायकल एकदा जोरात आदळलेली आहे, आणि नंतर कोणीतरी सगळी फ्रेम सरळ करून घेतली आहे. मागच्या चाकाच्या खोबणीतून दोरा काढून पुढच्या नळीवरून फिरवून पाहिला. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं. उतारावर दगा देईल ते माझं गुडघ्याचं हाड, हिचं लोखंड नाही.

मेण उकळत्या पाण्याने काढलं. आत रंग नव्यासारखा निघाला, म्हणून रंगाला हात लावला नाही. शर्यतीची चाकं काढून जाड टायरची बसवली, आमच्याकडचे रस्ते तुला माहीत आहेत. मागे मोठं दातेरी चक्र घातलं, म्हणजे तुमचा चढ जमेल. सीटला चरबी चोळून चोळून मऊ केली. ज्याची होती तो डावीकडे जास्त टेकत असावा, त्या बाजूला कातडं खोल गेलंय. मीही आता तसाच वाकडा बसतो. गेला आठवडाभर कामावर वेळेत जातोय. काल मुकादमाने घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि हजेरी मांडली.

भंगारवाला म्हणाला, माल वरच्या खोऱ्यातून आला, कोणा पाद्रीने वसंतात साफसफाई काढली होती.

तुला माझी काळजी वाटते हे कळलं, पण तू उगाच घाबरतेस. नोव्हेंबरात संतांच्या सणाला मी येतो, पिएरिनाच्या थडग्यावर फुलं वाहायला. सायकलनेच येतो. आणि माझ्या मनात असं आहे की हिवाळा सरला की ही ईव्होला देऊन टाकावी. पोरगा एके काळी काय चालवायचा. आखडलेल्या पायाला यासारखं औषध नाही आणि डोक्यालाही वारा लागेल.

तुझा,
फेर्मो

*

व्हालार्दा, २ ऑक्टोबर

फेर्मो,

त्या सायकलवर पुन्हा बसू नकोस. ती ईव्होची आहे.

तू आणि पिएरिना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कामाला होतात, तुम्हाला अपघात तेवढा कळवला होता. तो एकोणीस वर्षांचा होता, क्लबाच्या शर्यतीत खिंडीतून उतरत होता आणि वळणावर गवताची गाडी आली. जुलैत पडला तो शुद्धीवर येईना. डॉक्टरांनी पाद्रीला बोलवा म्हणून सांगितलं. मी वर बर्फाच्या माडोन्नामातेच्या चॅपेलमध्ये गेले आणि नवस बोलले की माझा मुलगा मला दे आणि त्याची सायकल तू घे. आमच्या घरातलं कोणी पुन्हा तिच्यावर बसणार नाही. ऑगस्टमध्ये, तिच्या सणाच्या दिवशी, खाली घंटा वाजत असताना, त्याने डोळे उघडले. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणू नकोस.

ओरेस्तेने आधी ती दुरुस्त केली. मी म्हटलं टांगायचीच तर कशाला, तर म्हणाला मोडकी वस्तू तिला कशी द्यायची. मग आम्ही दोघांनी ती वर नेली, ढकलत, आणि तारेने भिंतीला बांधली, लोकांनी नवसाला वाहिलेल्या कुबड्यांच्या आणि चांदीच्या काळजांच्या मध्ये. खाली मेणबत्त्यांचा कठडा होता. ते मेण कोणी गंजासाठी ओतलेलं नाही.

इतकी वर्षं ती तिथे होती आणि ईव्हो धडधाकट होता. लंगडला, लग्न केलं नाही, पण होता. यंदा नवे पाद्री आले. त्यांना भिंती पांढऱ्या हव्या होत्या. त्यांनी सगळं उतरवलं आणि मला कळवलंसुद्धा नाही. ईस्टरच्या आधी उतरवलं, फेर्मो. आणि ईस्टरला याचं डोकं दुखायला लागलं.

सोमवारी त्याला बेर्गामोच्या इस्पितळात नेलं. गाठ आहे, डोक्यात. सोमवारी, म्हणजे तू हिला रस्त्यावर फिरवत होतास तेव्हा. तूही आमच्या घरातलाच आहेस. सायकल परत आण आणि जिथे होती तिथे ठेव. मला शेळ्या टाकून रोज खाली इस्पितळात जाता येत नाही, रविवारी आणि बुधवारी जाते. ईव्होला यातलं काही सांगू नकोस.

डेल्फिना

*

रोमानो, १८ ऑक्टोबर

प्रिय डेल्फिना,

झालं तुझ्या मनासारखं. सायकल वर आहे.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, खोटं कशाला सांगू. माडोन्ना अशी हिशेब करत बसते हे मला पटत नाही. तू आणि पिएरिना एकाच आईच्या पोटच्या, पण पिएरिना जाताना मी कुठला नवस बोललो नाही, तिनेच बोलू दिलं नाही. मग विचार केला की मला पटायचा प्रश्न नाही, मूल तुझं आहे. कॅरियर, मडगार्ड तसेच राहू दिले, काढायला वेळ नव्हता. माडोन्नाला पाऊस लागला तर बरंच.

बेर्गामोपर्यंत डेअरीच्या ट्रकने आणली. पुढे बसचा ड्रायव्हर टपावर घेईना, म्हणून ढकलत निघालो. गुरुवार होता. आधी इस्पितळात गेलो. ईव्हो झोपलेला होता, मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. डोक्याला पट्ट्या आहेत, बारीक झालाय, पण चेहरा शांत होता.

मग तुमचं खोरं. चांगली धडधाकट सायकल हाताने ढकलत चढ चढणारा म्हातारा कोणी पाहिला नसेल, लोकांना विषयच मिळाला. एकाने विचारलं, पंक्चर आहे का? एका पोरीने विचारलं, काका, शिकताय का? एका गवंड्याने तर पंप आणून दिला. प्रत्येकाला काय सांगणार? अर्ध्या वाटेवर एका खाणावळीच्या गोठ्यात झोपलो. बसलो मात्र नाही, उतारावरसुद्धा नाही.

नव्या पाद्रींनी नाही म्हटलं. तरुण आहेत, वाईट नाहीत, पण भिंती आता पांढऱ्या झाल्यात आणि पांढऱ्याच राहणार. म्हणाले, तुमच्या मेहुणीसाठी मी मिस्साची प्रार्थना वाचतो, लोखंड नको. ते जेवायला गेले तेव्हा चॅपेल झाडणाऱ्या बाईने मला मागचं दार उघडून दिलं. वेदीच्या मागे, सामानाच्या खोलीत, खिळ्याला टांगली आहे. दिसत नाही, पण छप्पर माडोन्नाचंच आहे. खाली एक मेणबत्ती लावून आलो.

तुझ्या घरी आलो नाही, पाळी होती. आता पायी कामावर जातो.

फेर्मो

*

व्हालार्दा, १६ नोव्हेंबर

फेर्मो,

ईव्होच्या अंत्यविधीला आलास, उभा राहिलास, गेलास. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, म्हणून तुझा हात धरला.

काल इस्पितळातली सिस्टर भेटायला आली. म्हातारी आहे, वाईट वाटेल असं बोलावं हे तिच्या मनात येत नाही. तिने मला धीर द्यायला सांगितलं की तुमच्या मुलाने एक दिवस फार सुखात घालवला, एक गृहस्थ हिरवी सायकल घेऊन आले होते आणि तो अंगणात फेऱ्या मारत होता, इस्पितळाचा झगा घालून, आणि आम्ही सगळ्या खिडकीत उभ्या होतो.

म्हणजे तो झोपलेला नव्हता.

मी तुला एकच मागितलं होतं. गाठ होती हे मला कळतं, मी खुळी नाही. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडात धरून मला दाखवली. पण जे काही धरून ठेवायला होतं ते मी धरून ठेवलं होतं, आणि तू माझ्या मागून ते सोडून दिलंस. वर पत्रात खोटं लिहिलंस, पंपाच्या आणि पोरीच्या गमती लिहिल्यास. पिएरिना असती तर तिने तुझं तोंड पाहिलं नसतं.

उत्तर लिहू नकोस.

डेल्फिना

*

रोमानो, ३० नोव्हेंबर

डेल्फिना,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. जाळायचं असेल तर वाचून जाळ.

मी सायकल अंगणात भिंतीला टेकवली आणि वर गेलो. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, खाली बघत होता. म्हणाला, मागचं चक्र मोठं घातलंस. मग म्हणाला, मला वाटलं होतं वितळवली असेल.

मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानेच मला सांगितलं. तो दर रविवारी वर चॅपेलमध्ये जायचा. तुला वाटायचं प्रार्थनेला. तो कोणी नसलं की कठड्यावर चढून पायडल हाताने फिरवायचा आणि साखळीचा आवाज ऐकत उभा राहायचा. ओरेस्तेने त्याला एकदा हळूच सांगितलं होतं की ग्रीस भरून ठेवलंय, तुझी आई मानेल तेव्हा फक्त हवा भर. ओरेस्ते गेला, तू मानली नाहीस, आणि ईव्होने कधी विषय काढला नाही. या वसंतात वर गेला तर भिंत पांढरी होती. तुला सांगितलं नाही, कारण तुला धक्का बसेल. तू त्याला सांगितलं नाहीस, कारण त्याला धक्का बसेल.

मी म्हटलं, ईव्हो, आईने नवस बोललाय. तो म्हणाला, "नवस आईचा. सायकल माझी होती. मला शुद्ध आल्यावर तरी विचारायचं."

मग तो उठला आणि जिना उतरायला लागला. सिस्टरला मी हात जोडले. सीट खाली करायला वाकलो तर म्हणाला, राहू दे, बरोबर आहे. मी मागून सीट धरून दोन फेऱ्या धावलो. तिसऱ्या फेरीत म्हणाला, सोड. मी सोडली. ती आखडलेली टांग त्याला साथ देत नव्हती, एकाच पायाने रेटत होता, पण वळणं घेत होता अशी, की मला तेव्हा कळलं तू आमच्यापासून काय लपवलं होतंस. किती चांगला होता तो. उतरल्यावर म्हणाला, आता वर ने, आईला बरं वाटेल; बसू मात्र नकोस, तिला कळतं. आणि हे सांगू नकोस.

म्हणून ढकलत नेली. तुझ्यासाठी नाही, त्याने सांगितलं म्हणून. आणि खोटंही त्याने सांगितलं म्हणून लिहिलं. बाकी तुला जे म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन.

फेर्मो

*

व्हालार्दा, २० मार्च १९८८

फेर्मो,

तुझं पत्र जाळलं नाही. जाळायला चुलीपाशी दोनदा नेलं.

हिवाळाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, तुझ्याशी, ओरेस्तेशी, त्याच्याशीही. तुम्ही तिघे पुरुष एका ग्रीसच्या डबीभोवती गुपित करून बसलात आणि मी वर गुडघे टेकत होते. एक सांगते ते नीट ऐक. तो पुन्हा एकोणीस वर्षांचा होऊन तसाच पडला असता, तर मी पुन्हा तेच बोलले असते. त्याला विचारलंही नसतं. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला काय विचारायचं. मला तो जिवंत हवा होता, आणि वीस वर्षं मिळाला. त्याला काय हवं होतं हे मला कळायला हवं होतं म्हणशील. मला तो समोर जेवताना दिसत होता, तेवढ्याने माझं पोट भरायचं. आता टेबलाशी एकटी बसते तेव्हा त्याच्या खुर्चीकडे बघवत नाही.

बर्फ उतरल्यावर काल वर गेले. बाईने मागचं दार उघडलं. तिथे फुटक्या बाकांच्या आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या मेंढ्यांच्या मध्ये ती लटकत होती, तुझ्या त्या कॅरियरसकट. मी पायडल फिरवलं. तू म्हणतोस तो आवाज ऐकला. बराच वेळ फिरवत राहिले.

मग माडोन्नासमोर येऊन मी तिला सांगितलं की माझं तुझं मिटलं. तू दिलेलं तू परत घेतलंस, मी दिलेलं मी परत नेते. ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांत कधी बोलली होती?

सायकल मी काढून आणली. आता घरी आहे, स्वयंपाकघरात, त्याच्या खुर्चीशेजारी. तू अजून पायी कामावर जातोस असं तार्चिझिओच्या बायकोने इथल्या कोणाला तरी सांगितलं. या वयात असे गुडघे झिजवणं बरं नाही, आणि मुकादम वाट बघणार नाही.

रविवारी ये. पोलेंटा करते, चीज तू आण. टायरमधली हवा बघ, मला ते येत नाही. जेवण झालं की ती घेऊन जा. सगळं गाव दारात उभं राहील, मला माहीत आहे, त्यांना माझा नवस ठाऊक आहे. उभं राहू दे.

जाताना मात्र ढकलत नेऊ नकोस. माझ्या दारातून तिच्यावर बसून जा.

डेल्फिना